आधी वाट, मग वसाहत

शहराच्या कडेची एखादी मोकळी जमीन विकली जाते, तिच्याभोवती पत्र्याचे कुंपण उभे राहते, कुंपणावर भावी इमारतींचे रंगीत चित्र झळकते. आणि लवकरच शेजारच्या जुन्या वसाहतीत एक अर्ज हातोहात फिरू लागतो. अर्जातील मजकूर बहुधा ठरलेला असतो. आमचा रस्ता अरुंद आहे, मुले त्याच रस्त्याने शाळेस जातात, म्हातारी माणसे संध्याकाळी तेथेच फिरतात, चौकात आताच वाहनांची दाटी होते. तेव्हा या नव्या बिऱ्हाडांची वाहने जाणार कोठून, एवढे आम्हांस कळावे. अर्जावर चाळीस-पन्नास सह्या होतात, तो कचेरीच्या आवक बारनिशीत नोंदला जातो, आणि बहुधा तेथेच त्याचे आयुष्य संपते.

अशा अर्जाची थट्टा करणे ही आता एक रीतच होऊन बसली आहे. ज्यास कालपर्यंत लोक सरळ बिल्डर म्हणत, तो आता ‘विकासक’ झाला आहे. आणि त्याच्या मार्गात जो प्रश्न विचारील तो अर्थातच विकासाचा शत्रू ठरतो. अधिकारी म्हणतात, ‘सर्व काही नियमात आहे.’ पुढारी म्हणतात, ‘गाव वाढायचे तर थोडी गर्दी सोसलीच पाहिजे.’ आणि शहाणे लोक म्हणतात, ‘तुमची घरे झाली, आता मागून येणाऱ्यांच्या तोंडावर दार लावता काय?’ प्रस्तुत लेखाचा हेतू हा की, या तिन्ही उत्तरांची एकदा नीट झडती घ्यावी. यांपैकी एक असत्य आहे, एक अर्धसत्य आहे, आणि एकात मात्र सत्याचा असा काटा आहे की तो अर्जदारांनी स्वतःच्या पायातून आधी काढला पाहिजे.

प्रश्न मोठ्या शहरांचा आहे, आपला नव्हे, असे परभणीकरांनी समजण्याचे दिवस गेले. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेले आणि रेल्वेच्या वाटेवर वाढलेले हे जिल्ह्याचे गाव २०११ साली महानगरपालिकेचे शहर झाले. त्याच वर्षीच्या जनगणनेत त्याची वस्ती तीन लाखांवर गेली होती. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ आले; त्याच्या मागोमाग शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, नोकरीसाठी आणि कोरडवाहू शेतीने हात टेकल्यामुळे खेड्यांतून माणसे येत राहिली. कल्याणहून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणी, वसमत असा जातो. हंगामात कापसाच्या गाड्या, बारमाही ट्रक आणि एसट्या, शाळेच्या वेळी मुलांनी भरलेल्या रिक्षा, आणि फेब्रुवारीत उरुसाच्या दिवसांत लोटणारी यात्रा, हे सर्व थोड्याच रस्त्यांच्या अंगावर पडते. वसमत, जिंतूर, गंगाखेड, पाथरी या गावांच्या नावांचे रस्ते शहरातून चहूकडे फुटतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना ‘नगर’ या प्रत्ययाच्या वसाहती वाढत जातात. एका वसाहतीचा रस्ता दुसरीच्या रस्त्यास मिळेलच असा नेम नाही. कारण प्रत्येक जमीनमालकाने आपल्या तुकड्यापुरता ले-आउट पाडलेला असतो, आणि शेजाऱ्याचा तुकडा हे जणू परराज्य असते.

तेव्हा पहिले उत्तर आधी पाहू: ‘सर्व काही नियमात आहे.’ हे बहुधा खरे असते, आणि रोग आहे तो नेमका येथेच. डिसेंबर २०२० पासून मुंबई व काही मोजके प्रदेश वगळता राज्यभर एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात रस्त्याच्या रुंदीचा विचार नाही असे कोणी म्हणणार नाही. रस्ता जितका रुंद, तितके चटईक्षेत्र अधिक, आणि नऊ मीटरांहून अरुंद रस्त्यावर अधिमूल्य भरूनही वाढीव चटईक्षेत्र नाही, असे तिचे सामान्य सूत्र आहे. सूत्र ऐकण्यास शहाणपणाचे वाटते. परंतु ही रुंदी मोजावयाची कोठली? तर भूखंडाच्या दारापुढची. दारापुढे बारा मीटर रस्ता असला म्हणजे झाले. तोच रस्ता पुढे दोनशे पावलांवर दोन जुन्या घरांच्या मध्ये आक्रसून सहा मीटरांचा होतो की काय, त्याच्या तोंडाशी रेल्वेचे फाटक आहे की शाळेचे, महामार्गास तो जेथे मिळतो तेथे वळण्यास जागा आहे की नाही, या गोष्टी त्या सूत्रात बसत नाहीत. घागरीतून पाणी किती वेगाने पडेल हे तिच्या पोटाच्या घेरावरून ठरत नाही, गळ्यावरून ठरते. एवढे आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. नियमावलीने मात्र पोट मोजले आणि गळा सोडून दिला.

वाहनतळाचा नियम हा याचाच सख्खा भाऊ. इमारतीत अमुक सदनिकांमागे इतक्या मोटारी व इतक्या दुचाक्या उभ्या राहतील एवढी जागा ठेवावी, असे बंधन आहे आणि ते योग्यच आहे. पण वाहन ही वस्तू उभी करण्यासाठी कोणी विकत घेत नाही. नियम उभ्या वाहनाची जागा मोजतो, चालत्या वाहनाची मोजीत नाही. समजा दोनशे सदनिका झाल्या आणि सकाळी नऊ ते दहा या एका तासात दर सदनिकेमागे सरासरी दीड वाहन बाहेर पडले, तर तासास तीनशे वाहने, म्हणजे दर बारा सेकंदांस एक. ज्या रस्त्यावर आज मुलगी सायकल शिकते, त्याच रस्त्यावर दर बारा सेकंदांस एक वाहन! हा त्रैराशिकाचा हिशेब करण्यास कोणत्याही परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. असे असून, परवानगीच्या कागदांत इमारतीच्या जिन्याची रुंदी सेंटिमीटरपर्यंत सापडेल, पण शेजारच्या गल्लीत नऊ ते दहाच्या दरम्यान काय होईल हे सांगणारा कागद बहुधा सापडणार नाही.

आणि रहदारी इमारत पुरी झाल्यावर सुरू होते, हाही एक भ्रमच आहे. ती पाया खणण्याच्या दिवशी सुरू होते. खडी, वाळू, सिमेंट, लोखंड यांचे ट्रक दोन-तीन वर्षे त्याच रस्त्याने येतात, आणि मराठवाड्याची काळी माती कशी असते हे येथील वाचकांस सांगावयास नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम टाकून वर पातळ डांबर ओतलेला वसाहतीचा रस्ता तिच्यावर आधीच तग धरीत नाही. त्यावरून भरलेले ट्रक गेले की, नव्या रहिवाशांचे सामान येण्यापूर्वीच जुन्या रहिवाशांचा रस्ता संपलेला असतो. त्या रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्च मग कोण करतो? मालमत्ता कर भरणारे सर्व शहर. नफा एकाचा आणि खड्डा सर्वांचा, अशी ही वाटणी आहे.

आता कोणी म्हणेल की, नियमात उणीव असेल तर नागरिकांनी हरकत घ्यावी. लोकशाहीत त्यास कोण अडवितो? कोणी अडवीत नाही, हे खरे; फक्त हरकत घेण्यास जागा नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला म्हणजे हरकती मागविण्याची तरतूद आहे. मंजूर आराखड्यात फेरबदल करावयाचा असला तरी नोटीस काढावी लागते. परंतु आराखडा हा वीस-वीस वर्षांतून एकदा येणारा धूमकेतू. तो प्रसिद्ध होतो तेव्हा शेजारच्या मोकळ्या जमिनीत ज्वारी उभी असते, आणि पिवळ्या रंगाच्या त्या पट्ट्यावर पुढे किती मजले चढतील याची कल्पना सामान्य गृहस्थास येत नाही. मजले चढावयाची वेळ येते ती बांधकामाच्या परवानगीच्या वेळी. आणि त्या वेळी शेजाऱ्यास विचारण्याचे बंधन कायद्याने कोणावरही घातलेले नाही.

मोठ्या प्रकल्पांची कथा याहून चमत्कारिक आहे. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटरांहून अधिक बांधकामास पर्यावरणाची पूर्वमंजुरी लागू झाली. तिच्या अर्जात बांधणाऱ्यास रहदारीविषयी प्रश्न विचारलेले आहेत. येथवर उत्तम. परंतु कारखाने, खाणी, धरणे यांच्यासाठी जी जनसुनावणी ठेवली, तिच्यातून याच अधिसूचनेने इमारती व नगरवसाहती यांना वगळून टाकले. म्हणजे रहदारी वाढेल काय, हे जो ती वाढविणार त्यास विचारावयाचे, आणि जो ती सोसणार त्यास विचारावयाचे नाही! चोराची साक्ष चंद्रास, अशातलाच हा प्रकार. येथे तर चंद्रासही बोलाविलेले नाही. लहान शहरांतील पुष्कळ प्रकल्प वीस हजारांच्या आतच राहतात, त्यामुळे तेथे ही अर्धीमुर्धी विचारपूसही होत नाही.

खेड्यातील शेतकऱ्यास निदान ग्रामसभेत उभे राहून सरपंचास प्रश्न विचारता येतो. शहरातील सुशिक्षित पदवीधरास ती सोय नाही. नगरसेवकाकडे जावे, तर २०२२ पासून पुढे काही वर्षे राज्यातील बहुतेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते. निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या अवधीत परवानग्या थांबल्या नव्हत्या. लोकांचा प्रतिनिधी नसला तरी चालते, पण नकाशावरचा शिक्का थांबता कामा नये, हा त्या काळाचा धडा होय. एवंच, ‘नियमात आहे’ या उत्तराचा खरा अर्थ इतकाच की, तुमच्या प्रश्नास नियमात स्थान नाही.

दुसरे उत्तर पुढाऱ्यांचे: वाढ हवी असेल तर गर्दी सोसा. हे अर्धसत्य आहे. शहर वाढले म्हणजे माणसे वाढणार, हे कोण नाकारील? पण गर्दी आणि कोंडी या दोन गोष्टी एक नव्हेत. आठवड्याच्या बाजारात गर्दी असते. ती बाजाराची शोभा आहे. तोच बाजार एकाच दाराच्या वाड्यात भरविला, तर शोभेचे मरण होण्यास वेळ लागत नाही. हा अलंकार नव्हे. मुंबईने हे प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि त्या उदाहरणाचा विचार परभणीने विशेष काळजीने केला पाहिजे. कारण तेथे जे मोठ्या अक्षरांत लिहिले गेले, तेच येथे लहान अक्षरांत लिहिले जात आहे.

परळ-लालबागच्या गिरणगावात कापड गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या विकास नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरविले की, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा तर स्थूलमानाने एक हिस्सा मोकळ्या सार्वजनिक जागेसाठी, एक सामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी असावा. नियम दूरदृष्टीचा होता. दाटीवाटीच्या शहरास मधोमध श्वास घेण्यास, रस्ते रुंद करण्यास, स्थानकांपुढे चौक सोडण्यास जागा मिळण्याची ती अखेरची संधी होती. २००१ साली त्या नियमात एक लहानसा फेरबदल झाला: वाटणी करावयाची ती संपूर्ण जमिनीची नव्हे, तर ज्या जमिनीवर मुळात काहीच बांधकाम नव्हते तेवढ्या मोकळ्या तुकड्याची. गिरणीत मोकळी जमीन ती किती असणार? नागरिकांची संस्था न्यायालयात गेली. २००५ साली उच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मानले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून सरकारचा फेरबदल कायम केला. भोंग्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले.

मनोऱ्यांत काम करणारी माणसे मात्र आकाशातून उतरत नव्हती. ती गिरणी कामगारांच्याच आगगाडीने येत, त्याच स्थानकांवर उतरत आणि त्याच पुलांवरून चालत. एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पाऊस कोसळत असता, आडोशास थांबलेले आणि मागून येणारे लोक एकमेकांवर रेटले गेले, आणि २३ माणसे चिरडून मेली. त्यांत कोणी डोंगरावरून पडले नाही, कोणी पुरात वाहून गेले नाही. कामावर जाणारी माणसे एका जिन्यावर मेली. त्यानंतर लष्करास पाचारण केले गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पादचारी पूल खुला झाला. जो पूल काही महिन्यांत होऊ शकत होता, तो काही वर्षे झाला नाही; आणि ज्या मनोऱ्यांमुळे तो लागला, ते मात्र वेळेवर झाले. त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. नाव बदलण्यास जागा लागत नाही.

कोणी म्हणेल, हा रेल्वेच्या हयगयीचा दोष, इमारतींचा नव्हे. ठीक. पण ज्या सरकारने चटईक्षेत्र वाटले, त्याने ते वाटताना पुलाची रुंदी विचारली काय? महापालिकेने नकाशे मंजूर केले, रेल्वेने गाड्या सोडल्या, आणि प्रत्येकाने आपल्या तुकड्यापुरता हिशेब बरोबर केला. प्रत्येक खात्याचा हिशेब बरोबर आणि सर्वांची बेरीज चूक, हाच आपल्या नगररचनेचा स्थायीभाव आहे. परभणीतील वसाहतीच्या तोंडाशी असलेली सहा मीटरांची गल्ली हे एल्फिन्स्टनच्या जिन्याचेच धाकटे भावंड होय. तेथे एकदम तेवीस माणसे मरणार नाहीत. एखादे वर्षी एक मूल दुचाकीखाली येईल, एखाद्या रात्री रुग्णवाहिका अर्धा तास अडकेल, आणि वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी येईल. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारचेच आकडे सांगतात. ही संख्या अशाच चार-चार ओळींच्या बातम्यांनी भरलेली आहे.

प्राणहानीपर्यंत गोष्ट गेली नाही तरी हानी होतेच. ती नोंदली मात्र जात नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात डोनाल्ड अॅपलयार्ड नावाच्या अभ्यासकाने एकसारख्याच तीन रस्त्यांवरील लोकांची चौकशी केली. फरक होता तो रहदारीचा. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसास त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. भरधाव रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरा नव्हता. वाहने वाढली तशी माणसे पुढच्या ओसरीवरून मागच्या खोलीत सरकली. इंग्लंडात कॉलिन बुकॅनन यांच्या १९६३ च्या अहवालानेही हेच सांगितले होते की, रस्त्यावरून किती वाहने जाऊ शकतात हा एक प्रश्न, आणि किती गेली असता तेथे माणसास राहता येते हा अगदी निराळा प्रश्न. आपल्याकडे पहिला प्रश्नही विचारला जात नाही, मग दुसऱ्याची गोष्ट कशास? पण संध्याकाळी दारापुढे खुर्च्या टाकून बसणे, पोरांनी रस्त्यावर खेळणे, उन्हाळ्यात अंगणात पापड-कुरडया वाळत घालणे, समोरच्या वहिनींशी दारातून दारात बोलणे, ही आपल्या मध्यमवर्गीय वसाहतीची खरी मालमत्ता आहे. तिची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर नसते, म्हणून ती कोणीही फुकट घेऊ शकतो.

आता तिसरे उत्तर; आणि येथे अर्जदारांनी कान उघडे ठेवावेत. ‘तुमची घरे झाली, आता इतरांस दार लावता काय?’ या वाक्यात जो काटा आहे तो खरा आहे. आजची जुनी वसाहत काल नवी होती. तिच्याही जागी कोणाची तरी ज्वारी-तूर उभी होती, आणि तिच्याही वेळी शेजारच्या गल्लीने कपाळास आठ्या घातल्या होत्या. खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी आलेल्या शिक्षकास, शिपायास, लहान दुकानदारास घर पाहिजे. आणि ते कायदेशीर इमारतीत मिळाले नाही, तर तो बेकायदा तुकड्यावर बांधील. मराठवाड्यातील शहरांच्या कडेने ही गुंठेवारी कशी पसरली हे सर्वांसमोर आहे. २००१ साली तिच्यासाठी कायदा झाला, त्या वर्षाच्या आरंभापर्यंतची बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्यात आली. २०२१ साली ती मुदत पुढे ओढून ३१ डिसेंबर २०२० करण्यात आली. कागद नियमित झाले. गल्ल्या जेवढ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. ज्यांस सदनिका नको आहेत, त्यांनी गुंठेवारी मागितली आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. सबब, ‘येथे काहीच बांधू नका’ असे ज्या अर्जात लिहिले आहे, तो अर्ज प्रस्तुत लेखकाच्या मते फेटाळण्यास पात्र आहे.

याहून एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. रहदारी हा शब्द पुष्कळ वेळा पांघरूण म्हणून वापरला जातो. खाली निजलेली भीती निराळीच असते: येणारे लोक कोण असतील, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, भाड्याचे की मालकीचे, मांसाहारी की शाकाहारी? ज्याच्या मनात हे आहे, त्याने रस्त्याचे नाव घेऊ नये. कसोटी सोपी आहे. त्या दोनशे सदनिकांत आपलेच सगेसोयरे राहावयास येणार असते, तर आपण हाच अर्ज केला असता काय? उत्तर ‘होय’ असेल तर अर्ज रस्त्याचा आहे. ‘नाही’ असेल तर तो माणसांविरुद्ध आहे, आणि त्याचे समर्थन कोणत्याही सभ्य मासिकात होणार नाही.

शिवाय जो रस्ता अरुंद आहे म्हणून आपण ओरड करतो, तो अरुंद कोणी केला? नकाशात नऊ मीटर असलेला रस्ता प्रत्यक्षात साडेपाच मीटर उरतो, याचे श्रेय बिल्डरास नाही. एकाने फाटकापुढे उतार बांधला, दुसऱ्याने ओटा वाढविला, तिसऱ्याने कुंपणाबाहेर बाग केली, चौथ्याने घरात वाहनतळ असता तेथे भाडेकरू ठेवला आणि मोटार रस्त्यावर लावली. लग्नसराईत अख्खा रस्ता मांडवाखाली जातो, तेव्हा कोणास रहदारी आठवत नाही. कित्येक वसाहतींनी तर आपल्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवून सार्वजनिक रस्ता खासगी करून टाकला आहे. आणि प्रत्येकाने असे केले म्हणजे सर्वांची वाहने एकाच महामार्गावर लोटतात, हे त्यांच्या गावीही नसते. महापालिकेपुढे न्याय मागण्यास जाणाऱ्याने हात धुऊन जावे, हे बरे.

हा काटा काढल्यावर जे उरते, ते मात्र निखळ आहे: आधी वाट, मग वसाहत. ही काही नवी अथवा क्रांतिकारक मागणी नव्हे. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाणादाण उडाल्यावर १८९८ साली तेथे सुधार मंडळ स्थापन झाले. दादर-माटुंग्याच्या ज्या वसाहतींचे आज कौतुक होते, तेथे रस्ते आधी आखले गेले आणि घरे मागाहून आली. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याचे तत्त्व असे की, शेजारच्या सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र कराव्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढाव्या, उरलेली जमीन सुघड भूखंडांच्या रूपाने ज्याची त्यास परत द्यावी, आणि भाववाढीचा काही अंश रस्त्यांच्या खर्चासाठी घ्यावा. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तिला त्या कायद्याचा वारा लागला नाही. पण १९६६ च्या अधिनियमात ही नगररचना योजनांची तरतूद जशीच्या तशी आहे आणि तो परभणीसही लागू आहे. गुजरातने त्याच जुन्या मुंबई कायद्याचा वारसा चालवून अहमदाबादेभोवतीच्या वर्तुळमार्गासाठी पुष्कळशी जमीन अशाच योजनांतून मिळविली. आपण ते हत्यार खुंटीस टांगून ठेवले आणि एकेकट्या ले-आउटांवर शहर सोडून दिले.

खुंटीवरील हत्यार गंजते. नकाशावरील रस्त्याचे तर त्याहून वाईट होते. आराखड्यात रस्त्यासाठी राखलेली जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीत (ही मुदत आता चोवीस महिन्यांची आहे) संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप उठते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून ही तरतूद आहे व ती रास्त आहे. पण परिणाम पाहा: ज्या रस्त्याच्या भरवशावर शेजारी दहा इमारती उठल्या, तो रस्ताच नकाशावरून उठतो. इमारती मात्र उठत नाहीत. आणि पैसा नव्हता म्हणावे, तर १९९२ पासून प्रत्येक बांधकामाकडून विकास आकार वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. सार्वजनिक सोयींसाठी घेतलेला तो पैसा त्याच भागात दिसला पाहिजे, एवढी अपेक्षा करणे हा उद्धटपणा नव्हे.

तेव्हा अर्ज करणाऱ्या वसाहतींनी ‘प्रकल्प रद्द करा’ हे शब्द खोडून पुढील मागण्या लिहाव्या, असे सुचवावेसे वाटते. मोठ्या गृहप्रकल्पास परवानगी देण्यापूर्वी त्याची सूचना, नकाशासह, जागेवर व प्रभागात लोकांस वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे परभणीत मराठीबरोबर उर्दूतही, तीस दिवस लावावी. येणाऱ्या हरकतींस सकारण लेखी उत्तर द्यावे. रस्त्याची रुंदी मोजावयाची ती भूखंडाच्या दारापासून हमरस्त्यापर्यंतच्या वाटेतील सर्वांत अरुंद जागी. आणि मजले ठरावे ते त्या रुंदीवर. जोडरस्ता, गटार व पायवाट प्रत्यक्ष तयार झाल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. कारण एकदा बिऱ्हाडे राहावयास आली की रस्ता मागणारे दुप्पट होतात आणि देणारा कोणीच उरत नाही. बांधकामाचे ट्रक शाळेच्या वेळी आणू नयेत, आणि रस्ता मोडल्यास तो दुरुस्त करण्याइतकी अनामत आधीच घ्यावी. त्या भागातून जमलेल्या विकास आकाराचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करावा. याच्या मोबदल्यात वसाहतीने आपले ओटे, उतार व फाटके मागे घ्यावी, मोटारी आत लावाव्या, आणि नव्या वसाहतीस आपल्यातून वाट द्यावी. हा सौदा दोन्ही पक्षांस जड आहे. म्हणूनच तो न्याय्य आहे.

यावर अखेरचा आक्षेप येईल की, इतकी बंधने घातली तर घरे महाग होतील आणि गरिबाचेच नुकसान होईल. रस्त्याचा खर्च आज होत नाही असे नव्हे. तो फक्त घराच्या किमतीत दिसत नाही. तो नव्या रहिवाशाच्या रोजच्या अर्ध्या तासात, जुन्या रहिवाशाच्या धुळीत, रिक्षावाल्याच्या पेट्रोलात आणि कोणाच्या तरी पोराच्या मोडलेल्या हाडात फेडला जातो. आणि गरीब, जो पायी किंवा सायकलने जातो, तो यांत सर्वांत अधिक फेडतो, कारण रस्ता अपुरा पडला की पहिली नाहीशी होते ती पायवाट. घर स्वस्त करावयाचे असेल तर अधिमूल्य कमी करा, जमिनीचा सट्टा रोखा, सरकारी जमिनीवर घरे बांधा. माणसाची वाट विकून घर स्वस्त करू नका.

शहराची वाढ हा काही पावसासारखा आकाशातून पडणारा प्रकार नाही की, ज्याच्या डोक्यावर पडला त्याने मुकाट्याने भिजावे. ती कोणाच्या तरी टेबलावर, कोणाच्या तरी सहीने मंजूर होते. त्या टेबलापर्यंत जाऊन ‘आमची मुले कोणत्या वाटेने शाळेस जातील?’ असे विचारणारा नागरिक विकासाचा शत्रू नसून, त्या कचेरीत शहराचा विचार करणारा कदाचित तोच एकटा माणूस असतो. त्याचा अर्ज बारनिशीत पुरू नये; त्यास उत्तर मिळावे. आणि ज्या प्रकल्पापाशी त्या उत्तरासाठी वाट नसेल, त्याने ती सापडेपर्यंत थांबावे.